किलवरचा एक्का पुस्तकात येऊ द्या: फ्रेंच अभ्यासक्रम समितीला खुलं पत्र

सन्माननीय सदस्य,
स. न. वि. वि.

मागच्या कार्यशाळेत मी एक सूचना मांडली होती. अकरावी-बारावीच्या फ्रेंचच्या पुस्तकात एमसी सोलार या फ्रेंच रॅपरचा एक तरी मजकूर घ्यावा, एवढीच. इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात ‘गाण्यांबाबत चर्चा झाली’ असं एक वाक्य होतं. चर्चा काय झाली ते मला आठवतं. एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, “बाई, रॅप? मग उद्या डीजे पण बोलवा.” सगळे हसले, मीही हसले, आणि चहा आला. तो विषय चहाबरोबर संपला असं आपल्याला वाटलं असेल, पण मला वाटत नाही, म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की महाराष्ट्रभर फ्रेंच शिकवणारी बरीच मंडळी माझ्यासारखीच झेरॉक्सच्या जिवावर तास घेतात, त्यांनीही ते वाचावं.

आधी वर्गातली गोष्ट सांगते. आपली बहुतेक मुलं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी, हे आपण एकमेकांपासून लपवायचं कारण नाही. ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. दुपारचा शेवटचा तास होता आणि मी सोलारच्या ‘कारोलिन’ या गाण्यातली एक ओळ फळ्यावर लिहिली होती. त्या ओळीत गाणारा स्वतःला किलवरचा एक्का म्हणवतो, कारोलिनच्या काळजाला टोचणारा. मुलांनी शब्दकोशातून अर्थ लावला आणि वह्या मिटल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा, होस्टेलवर राहणारा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, “मॅडम, पण किलवरचा एक्का टोचेल कसा? त्याचा आकार बघा ना, गोलगोल. टोचायला इस्पिक पाहिजे.”

मी म्हटलं, क्रियापद काय आहे ते वाच.

क्रियापद ‘पिक’. म्हणजे टोचतो. आणि फ्रेंच पत्त्यांत इस्पिकलाही ‘पिक’च म्हणतात. पुढचा शब्द ‘कर’, म्हणजे काळीज, आणि पत्त्यांतला बदामही तोच. एका छोट्या ओळीत किलवर, इस्पिक आणि बदाम असे तीन रंग येऊन जातात आणि प्रेमाची कबुलीही होते. त्या मुलाला हे दिसलं तेव्हा त्याने बाकावर हात आपटला आणि आवाजच काढला, डाव जिंकल्यावर काढतात तसा. पंचवीस वर्षं शिकवतेय, ‘ओ कॅफे’ किंवा ‘आ ला गार’ या धड्यांना असा आवाज आलेला मला तरी आठवत नाही.

आता हा सोलार कोण. क्लोद एम्बाराली, जन्म ५ मार्च १९६९, सेनेगलमधलं डाकार शहर. आईवडील मूळचे चाडचे. हा जेमतेम सहा महिन्यांचा असताना घर फ्रान्समध्ये आलं, आणि तो वाढला पॅरिसच्या उपनगरांत, आधी साँ-दनी आणि मग दक्षिणेकडचं व्हिलनव्ह-साँ-जॉर्ज. बाराव्या वर्षी काही महिने कैरोला काकांकडे राहिला. आफ्रिका बंबाता या अमेरिकन डीजेच्या झुलू नेशनची, म्हणजे हिपहॉपची, पहिली ओळख त्याला तिथे झाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली गोष्ट, पॅरिसच्या पोराला नाईलकाठी समजते. पुढे शाळा संपवून तो विद्यापीठात भाषा शिकायला गेला. हे मुद्दाम सांगते, कारण ‘अशिक्षित पोरांचा धिंगाणा’ हे वाक्यही त्या दिवशी चहाच्या वेळी कानावर आलं होतं.

१९९१ साली ‘बूज द ला’ गाजलं. बूज द ला म्हणजे आपल्याकडे ‘चल, फूट इथून’. गाण्याचा नायक जिथे जातो तिथे त्याला कोणीतरी हाकलतं, आणि तो हे रडून सांगत नाही, गमतीत सांगतो. पाठीमागची चाल सिमांदे नावाच्या ब्रिटिश बँडच्या जुन्या गाण्यातून उचललेली. तो बँड कॅरिबियनमधून लंडनला आलेल्या लोकांचा. म्हणजे ‘फूट इथून’ ऐकवलं गेलेल्या एका मंडळींच्या तालावर दुसऱ्याने आपली कथा बांधली. आपल्या पुस्तकात आज्ञार्थाच्या धड्यात काय आहे? ‘खिडकी उघडा’, ‘दार लावा’, ‘वही काढा’. मुलं वीस मिनिटांत पाठ करतात, पण आज्ञा देणारा कोण आणि ऐकणारा कोण हा प्रश्नच त्यात येत नाही. ‘बूज’ म्हणणारा ‘बूझे’ का म्हणत नाही, तू आणि तुम्ही यांतला फरक अपमानासाठी कसा वापरतात, हे मराठी मुलाला एका मिनिटात कळतं. ‘ए, सरक’ आणि ‘जरा सरकता का’ यांत त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं असतं.

त्याच वर्षी पहिला अल्बम आला. नाव ‘की सेम ल वाँ रेकोल्त ल तेम्पो’. मूळ म्हण अशी, की जो वारा पेरतो तो वादळ कापतो. वादळ म्हणजे ‘ताँपेत’. याने ताँपेतच्या जागी तेम्पो ठेवला. रोमन लिपीत लिहिताना दोन्ही शब्दांची पहिली चार अक्षरं तीच आहेत, आणि ऐकणाऱ्याचा कान वादळाची वाट पाहत असताना हाती येतो ताल. आपण वर्गात म्हणी शिकवतो त्या यादी करून, डावीकडे फ्रेंच आणि उजवीकडे इंग्रजी. म्हण मोडून दाखवली तरच ती पक्की बसते, हे मी या एका शीर्षकावरून शिकले. मुलांना म्हटलं, आता ‘पेरावे तसे उगवते’ मोडा. जे काय काय उगवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण म्हण कोणी विसरलं नाही.

शीर्षकांचा त्याला नादच आहे. १९९४ च्या अल्बमचं नाव ‘प्रोझ कोंबा’. प्रोझ म्हणजे गद्य, आणि मागे ऐकू येतो ‘क्लोज कॉम्बॅट’, हातघाईची लढाई. पाचव्या अल्बमचं नाव ‘पाचवा एक्का’, सहाव्याचं ‘माक ६’, सातव्याचं ‘शापित्र ७’ म्हणजे सातवा अध्याय. आठवा ‘जेओपोएतिक’, म्हणजे भूराजकारणातलं राजकारण काढून तिथे काव्य बसवलेलं. आपल्याकडे मोरोपंतांनी यमकासाठी शब्द वाकवले की आपण मान डोलावतो. ‘आर्या मयूरपंतांची’ म्हणताना अभिमान वाटतो. श्लेष कळला की शिक्षक खूष, परीक्षक खूष. मग हाच श्लेष डाकारला जन्मलेल्या माणसाने ढोलाच्या ठोक्यावर केला की त्याचा पोरखेळ कसा होतो, हे मला कोणी समजावून सांगावं.

‘प्रोझ कोंबा’मधलं एकच गाणं घ्या, बाकी सगळं सोडलं तरी चालेल. ‘नूव्हो वेस्टर्न’. त्याच्या पाठीशी सेर्ज गेंझबूर या जुन्या फ्रेंच गायक-गीतकाराच्या ‘बॉनी अँड क्लाइड’चा तुकडा वाजतो, म्हणजे फ्रेंच गाण्याच्या जुन्या घराण्याशी नातं त्याने तिथेच जोडलंय. सुरुवात आरिझोनात होते. वारा सुटलाय, आणि या राज्यात हॅरी नावाचा एक काउबॉय भटकतोय. ‘भटकला’ यासाठी त्याने वापरलेला शब्द ‘झोना’. आता फ्रेंचमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, त्यामुळे हॅरी झाला ‘आरी’. आरी झोना. आरिझोना. एका ओळीच्या शेवटी राज्याचं नाव आणि पुढच्या ओळीच्या शेवटी तेच आवाज, पण अर्थ ‘हॅरी उनाडला’.

इथवर कोणीही हसेल. पण आपण व्याकरणवाले आहोत, म्हणून आणखी एक पायरी खाली उतरू. ‘झोने’ हे क्रियापद रस्त्यावरचं, उनाडक्या करणं, नाक्यावर टाइमपास करणं या अर्थाचं. आणि ‘झोना’ हे त्याचं पासे सँप्ल या भूतकाळातलं रूप. पासे सँप्ल! जो काळ फ्रान्समध्ये कोणी बोलताना वापरत नाही, जो आपण मुलांना ‘फक्त ओळखता आला तरी पुरे’ म्हणून शिकवतो, जो कादंबऱ्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत राहतो. सोनेरी कोट घातलेला हा काळ त्याने नाक्यावरच्या क्रियापदाला चढवला. मराठीत सांगायचं तर ‘हॅरी तेथे टाइमपास करता झाला’. गंमत या विसंगतीत आहे, आणि ती कळायला पासे सँप्ल यावाच लागतो. मागच्या वर्षी ज्या वर्गाला हे ऐकवलं, त्या वर्गाने पासे सँप्लचा तक्ता न सांगता पाठ केला. का, तर त्यांना स्वतःची अशी वाक्यं करायची होती.

गाणं पुढे आरिझोनातून निघून आजच्या जगात येतं. अमेरिका वेस्टर्न निर्यात करते आणि त्याबरोबर तिची सरंजामी रीतही, असं काहीसं तो म्हणतो. ज्यांना ‘नागरी मूल्यं’ हा रकाना भरायचा आहे, त्यांनी तिथून भरावा. त्याच अल्बमातलं युद्धविरोधी गाणं, ज्याच्या शीर्षकात मृत्यू ‘हिमोग्लोबिनची रखेल’ होतो, ते मात्र मी अकरावीला देणार नाही. ‘रखेल’ या शब्दावर आपली दोन बैठका चर्चा चालेल, हे मला ठाऊक आहे.

कारकिर्दीबद्दल आणखी थोडं, कारण पुस्तकात लेखक-परिचयाचा चौकोन लागतोच. १९९३ साली अमेरिकन रॅपर गुरूच्या ‘जॅझमॅटॅझ’ अल्बममध्ये दोघं एकत्र आले. गुरू इंग्रजीत आणि हा फ्रेंचमध्ये, कोणीही आपली भाषा सोडली नाही. आपल्या पोरांना हे आवर्जून सांगते मी, कारण इंग्रजीपुढे बाकी सगळ्या भाषांनी खुर्ची सोडायची असते अशी त्यांची समजूत असते. १९९५ साली ‘व्हिक्त्वार द ला म्युझिक’ या फ्रान्सच्या मोठ्या पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्तम गायक ठरला. २००१ च्या अल्बममधलं ‘ला बेल ए ल बॅड बॉय’ हे गाणं ‘सेक्स अँड द सिटी’ या अमेरिकन मालिकेच्या २००४ मधल्या अखेरच्या भागात वाजलं. ही माहिती चौकोनात घालू नका हवं तर, पण मुलं ती आपापली शोधून काढतात, आणि शोधताना चार मुलाखती फ्रेंचमध्ये ऐकतात.

रॅप वाढलं ते सरकारी कोट्यामुळे, असंही आपल्यापैकी एकांनी सांगितलं. यात अर्धं तथ्य आहे. फ्रान्सने १९९४ साली कायदा केला, की रेडिओवर गाण्यांपैकी किमान ४० टक्के फ्रेंच असावीत आणि त्यांतली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची. तो अंमलात आला १ जानेवारी १९९६ पासून. फ्रेंच रॅपला त्याचा मोठा फायदा झाला, हे खरंच. पण सोलारचे पहिले दोन अल्बम तोवर येऊन, खपून, तोंडपाठ होऊन गेले होते. त्याला कोट्याने वर आणलं नाही. कोटा लावला तर रेडिओवर वाजवायला फ्रेंचमध्ये काही चांगलं आहे, हे दाखवणाऱ्यांत उलट तो होता.

एक गोष्ट मात्र मला बोचते आणि ती या पत्रात लपवणं बरोबर नाही. सोलार ‘सभ्य’ आहे. शिव्या नाहीत, पिस्तुलं नाहीत, उच्चार स्वच्छ, आवाज मऊ. फ्रान्समधल्या शिक्षकांनाही तो याच कारणाने आवडला, आणि याच कारणाने उपनगरांतली पोरं त्याला ‘मास्तरांचा रॅपर’ म्हणून नाक मुरडायची. त्याच काळात साँ-दनीच्याच सुप्रीम एनटीएम या दोन रॅपरांच्या गटाने १४ जुलै १९९५ ला दक्षिणेत ला सेन-स्युर-मेरच्या मैफलीत मंचावरून पोलिसांबद्दल जे म्हटलं, त्यासाठी १९९६ साली तुलाँच्या न्यायालयाने दोघांना तुरुंगवास आणि सहा महिने गाण्याची बंदी सुनावली. अपिलात ती शिक्षा बरीच खाली आली. पण तुरुंगाची शिक्षा ऐकणारे आणि पुरस्कार घेणारे, दोघंही त्याच गावांतून आलेले, त्याच फ्रेंचमध्ये बोलणारे होते. म्हणून माझी विनंती आहे, की सोलारला पुस्तकात घेताना शिक्षक-पुस्तिकेत ‘इतर रॅपरांप्रमाणे अश्लीलता नसलेला’ असलं वाक्य कृपा करून लिहू नका. एकाला पाटावर बसवून बाकीच्यांना उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी त्याचा वापर होणार असेल, तर तो न घेतलेलाच बरा. त्याने स्वतः असं कधी केल्याचं मला माहीत नाही.

आणि त्यालाही सगळं ताटात वाढून मिळालं नाही. १९९७ चा ‘पारादिझियाक’ आणि १९९८ चा त्याच्याच नावाचा अल्बम, हे मुळात त्याने एकच दुहेरी अल्बम म्हणून केलेलं काम. पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीने ते तोडून दोन केले. तो कोर्टात गेला. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या भांडणाचा शेवट असा, की कंपनीला पहिले चार अल्बम विकता येईनात, पण मूळ टेपा कंपनीच्याच. म्हणजे घराची चावी एकाकडे आणि सातबारा दुसऱ्याकडे. ‘बूज द ला’, ‘कारोलिन’, ‘नूव्हो वेस्टर्न’, ज्यांच्यावर फ्रान्सची एक पिढी वाढली ती गाणी जवळजवळ वीस वर्षं ना दुकानात नवी मिळत होती, ना नंतरच्या काळात स्ट्रीमिंगवर. २०२१ मध्ये ती रीतसर पुन्हा आली.

तोवर मी काय करत होते ते सांगते. माझ्याकडे ‘प्रोझ कोंबा’ची एक सीडी होती, एका विद्यार्थिनीने पॅरिसच्या जुन्या बाजारातून आणलेली. कव्हर फाटलेलं, तिसऱ्या गाण्यावर ओरखडा. तिसरं गाणं नेमकं अर्ध्यावर अडकायचं आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचं. मुलांना वाटायचं तेही रॅपचाच भाग आहे. कॉलेजच्या कार्यालयाकडे सीडी प्लेअर मागितला, तर कारकुनाने विचारलं, “फ्रेंचच्या तासाला गाणी कशाला, स्नेहसंमेलन आहे का?” प्लेअर आला तो सहामाही परीक्षा उरकल्यावर.

२००७ च्या ‘शापित्र ७’ नंतर तो दहा वर्षं गप्प होता. खरं सांगायचं तर त्याच्या आधीचा ‘माक ६’ही मला फारसा रुचत नाही, शब्द होते पण धार गेली होती. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘जेओपोएतिक’ आला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याला व्हिक्त्वारचा पुरस्कार मिळाला, तो कोणत्या विभागात पाहा. त्याच समारंभात ‘नागरी संगीता’चा म्हणजे रॅपचा वेगळा पुरस्कार होता, तो ओरेलसान या रॅपरला गेला. सोलारला मिळाला तो ‘शाँसाँ’चा, गेंझबूर-ब्रेलच्या परंपरेच्या गाण्याचा. पंचेचाळिशी ओलांडलेल्या रॅपरला फ्रेंचांनी गीतकारांच्या पंगतीत पान मांडलं. आपल्या पुस्तकात मात्र तो अजून अंगणात उभा आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. मुलं श्रवण परीक्षेत पडतात, हे आपल्या सगळ्यांच्या निकालाच्या तक्त्यांत आहे. कारण आपण त्यांना शब्दाचा शेवटचा ‘अ’ गिळणारं, ‘न’ खाणारं, शब्दांचे सांधे जोडून बोललं जाणारं फ्रेंच ऐकवतच नाही. पुस्तकासोबतच्या ध्वनिफितीतला माणूस आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखा बोलतो. सोलार भरभर बोलतो पण शब्द चावत नाही, म्हणून पुस्तकातून रस्त्यावर जायला तो मधला पूल आहे. रस्त्यावर उलटी भाषा आहेच, व्हेरलाँ, ज्यात ‘फाम’चं ‘मफ’ होतं आणि ‘फू’चं ‘ऊफ’. ती शिकवायला घाबरू नका, आपली पोरं लहानपणी चची भाषा बोललेली असतात. मुलगाचं ‘चलगामु’ करणाऱ्याला फूचं ऊफ समजायला किती वेळ लागतो? माझ्या वर्गात दोन मिनिटं लागली, आणि नंतरचे दोन आठवडे मला वर्गात काय चाललंय तेच कळेना.

माझी मागणी छोटी आहे. बारावीच्या पुस्तकात ‘नूव्हो वेस्टर्न’चा पहिला भाग, रीतसर परवानगी काढून. परवानगी मिळायला वेळ लागत असेल तर निदान तीन शीर्षकं आणि त्यांवर एक स्वाध्याय, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पत्रासोबत तीन पानं जोडली आहेत. पहिल्यावर शब्दार्थ, दुसऱ्यावर पासे सँप्लचे प्रश्न, तिसऱ्यावर पत्त्यांचे चार रंग मराठी आणि फ्रेंच नावांसह. तिसऱ्या पानाची चित्रं त्या होस्टेलवाल्या मुलाने काढली आहेत. इस्पिक जरा जास्तच टोकदार झालंय, ते तसंच ठेवावं.

पुढची बैठक शनिवारी आहे असं समजतं. मी छोटा स्पीकर घेऊन येते, फक्त पहिलं एक मिनिट ऐकवते. या वेळी चहा तेवढा नंतर सांगा.

आपली नम्र,
फ्रेंचची एक शिक्षिका, पुणे